मार्तीलच्या रस्त्यावरचा हमाम

लुबना चार वर्षांनी माहेरी आली तेव्हा तेतुआनच्या जुन्या गावात घरोघरी नारंगीच्या फुलांचा अर्क काढणं चाललं होतं. बतूलच्या अंगणातही तांब्याचं भांडं चुलीवर चढलं होतं आणि ती स्वतः फुलांच्या ढिगापुढे बसून देठं खुडत होती. दारावर थाप पडली. सुनेने, सुआदने, दार उघडलं आणि ती बाजूला झाली. उंबऱ्यात लुबना उभी होती, एकटीच. हातात छोटी बॅग, आणि डोक्याला घट्ट बांधलेला निळा रुमाल.

बतूलची नजर आधी त्या रुमालावरच गेली. या रुमालापायी बापलेकीत काय कमी भांडणं झाली होती? बतूलचा नवरा सपाता शिवणारा, पाच वेळचा नमाजी. मुलीने डोकं झाकावं म्हणून तो आधी रागावला, मग विनवण्या करून थकला. पण लुबनाचे केस कमरेपर्यंत, आणि तिचा हट्ट त्याहून लांब. लग्न होऊन बेल्जियमला गेली तशीच उघड्या डोक्याने गेली. बाप वारला तेव्हा आली तीही तशीच, आणि गल्लीतल्या बायकांनी मयताच्या घरीसुद्धा कुजबुज केली. आज तीच लुबना कपाळ झाकून उभी होती. फुलांनी माखलेल्या हातांनी बतूलने तिचा चेहरा धरला, रुमालाच्या कडेवर ओठ टेकले आणि म्हणाली, "तुझा बाप आज हवा होता गं."

लुबना हसली. तिने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि बराच वेळ वर काढलं नाही.

ती बारीक झाली होती. सुआदने ते लगेच बोलून दाखवलं. तिकडे सगळ्याच बायका काही खात नाहीत, असं लुबना म्हणाली. सात वर्षांची रीम शाळेमुळे बापाजवळ राहिली होती. जावई मुनीर बरा होता. काम बरं होतं. सगळंच बरं होतं. बतूलला हे ऐकून थोडी चीडच आली, कारण मग चार वर्षं यायला काय झालं होतं? दोन वर्षांपासून तर फोनवर तिने लेकीला टोमणे मारायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. आईपेक्षा साहेब मोठा, नोकरी मोठी, मेल्यावर तरी सुट्टी काढ, असं सगळं बोलून झालं होतं. पण आलेल्या लेकीवर कोण राग धरून बसतं? संध्याकाळपर्यंत शेजारची शमा येऊन रुमालाबद्दल मुबारक देऊन गेली, तिच्या पाठोपाठ आणखी दोघीतिघी आल्या. बतूलने सगळ्यांना चहा पाजला. तिची मान त्या दिवशी जरा ताठच होती.

आता राहिला हमाम.

परगावाहून आलेल्या माणसाने हमामात, म्हणजे गल्लीच्या सार्वजनिक न्हाणीघरात जावं, प्रवासाचा मळ आणि दृष्ट दोन्ही उतरवावं, ही तिथली रीत. बतूलचा हमाम ठरलेला, मशिदीच्या मागच्या बोळातला, आणि वारही ठरलेला, गुरुवार. लग्न होऊन या गल्लीत आली तेव्हापासून तिने तो चुकवला नव्हता. लुबना तिथेच वाढली म्हणायची. दोन पायांच्या बेचक्यात धरून बतूल तिला घासायची आणि पोरगी असा टाहो फोडायची की गल्ल्यावरची बाई आत डोकावून विचारायची, "बकरा कापताय की काय?" मोठी झाल्यावर लुबनाच आईची पाठ घासू लागली. तिच्या हातात जोर होता. ती परदेशी गेल्यावर बतूल शमाकडून पाठ घासून घ्यायची आणि दर वेळी सांगायची, माझ्या लुबनाचा हात काही तुला यायचा नाही.

गुरुवारी सकाळी बतूलने बादली काढली. बादलीत जैतुनाच्या तेलाचा काळा साबण, खरबरीत हातमोजा, केस धुवायची डोंगरातली माती, आणि नंतर खायला दोन संत्री. लुबना म्हणाली, यम्मा, आज अंग दुखतंय, प्रवास अंगावर आलाय. बतूलने मानलं. पुढच्या गुरुवारी ती म्हणाली, पाळी आलीय. तेही मानलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी सर्दी झाली. न शिंकता झालेली सर्दी बतूलला दिसत होती. सुआदने भांडी आवरता आवरता एवढंच म्हटलं की ताईंना आता आपल्या फरशीवर बसवत नसेल, आणि ते बतूलच्या जिव्हारी लागलं. कारण तिच्याही मनात तेच आलं होतं.

"बेल्जियमच्या नळाला झमझमच्या पवित्र विहिरीचं पाणी येतं वाटतं," ती लुबनाला म्हणाली. "आमचं पाणी तुझ्या अंगाला चालेना."

लुबना मटार सोलत होती. तिने टरफलं बाजूला सारली आणि म्हणाली, "यम्मा, आपण दोघी मार्तीलच्या रस्त्यावर जाऊ. तिथे नवं स्पा झालंय. हमामच असतो, पण वेगळी खोली मिळते. तू आणि मी, बस."

"तिथे काय सोन्याच्या बादल्या आहेत?"

"नाहीत. पण गर्दी नाही."

म्हणजे खरंच तिला गल्लीतल्या बायका नकोशा झाल्या होत्या. बतूलला वाईट वाटलं, पण नाही म्हणवलं नाही. कशीही का होईना, लेक हमामात यायला तयार झाली होती. तिने आपली बादली मात्र सोडली नाही. टॅक्सीत मांडीवर घेऊन बसली.

स्पा म्हणजे समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक पांढरी इमारत होती. आत पाऊल ठेवताच गार वारा आणि गुलाबाचा वास. काउंटरवरच्या मुलीने बतूलची बादली पाहिली आणि हसू दाबलं. मग हनिया नावाची बाई आली. शेफशावेनकडची, चाळिशीची, रुंद खांद्यांची. पाहुण्यांना काय काय होणार ते आधी सांगायचं, अशी तिथली पद्धत असावी, कारण तिने उभ्या उभ्याच सुरू केलं. आधी उबदार खोलीत बसायचं, अंग सैल होऊ द्यायचं. मग काळा साबण लावायचा आणि तो अंगात मुरू द्यायचा. मग हातमोज्याने घासणार, तेव्हा घाबरायचं नाही, काळ्या वळकट्या निघतात ती मेलेली कातडी असते. मग माती, मग पाणी, मग तेल, आणि शेवटी आरामाच्या खोलीत पुदिन्याचा चहा.

बतूलने सगळं ऐकून घेतलं. "बाई," ती म्हणाली, "मी या पोरीला तिच्या चाळिसाव्या दिवसापासून हमामात नेलंय. वळकट्या मला ठाऊक आहेत."

हनिया हसली आणि थोर बायकांना लावतात ते मानाचं 'लल्ला' लावून म्हणाली, "ठाऊक आहे, लल्ला. पण सांगितलं नाही तर मला ओरडतात. परवा एक परदेशी बाई स्वतःचाच मळ बघून रडायला लागली."

लुबनालाही हसू आलं. तेवढ्यापुरती ती जुनी लुबना दिसली. हनियाने बतूलला पांढरा झगा आणि पातळ कागदाची चड्डी दिली. बतूलने ती चड्डी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, ही घालायची की हिच्यात जिरं बांधायचं? काउंटरवरची मुलगीही मग हसली.

पण लुबनाला झगा देऊ केला तेव्हा तिने हात पुढे केला नाही. मी बाहेर बसते, आईला नीट अंघोळ घाला, असं ती हनियाला सांगू लागली. नोंदणी आईच्याच नावाची केली होती म्हणे. बतूलच्या डोक्यात तिडीक गेली. इतके दिवस गिळलेलं सगळं वर आलं. ती बाकावर बसली, बादली पायांशी ठेवली आणि म्हणाली की मग मीही जात नाही. मी काय मळ काढायला एवढ्या लांब आले? मळ काढायला गल्लीत हमाम होता. आईसमोर कपडे काढायची लाज वाटायला लागली असेल तर तसं सांग, मी घरी जाते.

लुबना उभीच राहिली. तिने आईकडे पाहिलं, मग दाराकडे. मग हनियाला बाजूला घेऊन ती हलक्या आवाजात काहीतरी बोलली. हनियाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने मान डोलावली, दुसरा झगा काढून दिला, आणि म्हणाली की आतली खोली मी फार तापवत नाही, तुम्ही या सावकाश.

उबदार खोली लहानशी होती. संगमरवरी ओटा, भिंतीत पाण्याची दोन कुंडं, छताला जाळीचे गोल झरोके, त्यातून उन्हाच्या तिरिपी खाली आलेल्या. बतूल झगा काढून ओट्यावर बसली होती. लुबना दाराशी उभी होती.

"यम्मा," ती म्हणाली, "ओरडू नकोस. इथे भिंती पातळ आहेत."

तिने आधी रुमाल सोडला. खाली केस नव्हते. तान्ह्या मुलाच्या डोक्यावर असते तशी काळसर लव होती, कुठे आलेली, कुठे न आलेली. मग झगा. डाव्या बाजूला छाती नव्हती. काखेपासून मधल्या हाडापर्यंत एक आडवी, चकचकीत, ओढलेली रेघ होती. उजव्या खांद्याखाली कातडीच्या आत बटणासारखं काहीतरी वर आलेलं. बरगड्या मोजता येत होत्या. दंडांवर हिरवेनिळे डाग.

बतूल ओरडली नाही.  तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

दोन वर्षं. साहेब मोठा, नोकरी मोठी. मेल्यावर तरी सुट्टी काढ. बतूलला आपला एकेक शब्द आपल्याच आवाजात ऐकू आला. आणि तो रुमाल. त्या रुमालावर तिने ओठ टेकले होते, आणि गल्लीला चहा पाजला होता.

ती उठली, लेकीला हाताला धरून ओट्यावर बसवलं. पुढे काय करायचं ते तिला एकच माहीत होतं. तिने बादलीतून हातमोजा काढला, ओला केला, काळ्या साबणाचा गोळा घेतला. हनिया एवढा वेळ कोपऱ्यात पाठ करून उभी होती, ती हळूच पुढे आली.

"लल्ला, मोजा नको," ती म्हणाली. "ताईंनी मघाशी सांगितलंय. औषधांनी कातडी कागदासारखी होते, सोलली जाईल. आणि फार कढतही नको."

"मग काय करू?" बतूलने विचारलं. ती हनियाला विचारत नव्हती. "मग मी काय करू?"

"नुसतं पाणी घाल, यम्मा," लुबना म्हणाली. "कोमट."

मग बतूलने मोजा खाली ठेवला आणि पितळी वाडगा घेतला. दोन्ही कुंडांतलं पाणी मिसळून ती आपल्या मनगटावर घेऊन बघायची, तान्ह्या पोराला घालताना बघतात तसं, आणि मग लेकीच्या खांद्यावर सोडायची. पाठीवर, मानेवर, डोक्यावरच्या त्या लवेवर. वण आला तिथे तिचा हात थबकला. लुबनाने तो धरून वणावर ठेवला आणि सांगितलं की दुखत नाही, तिथे आता काहीच कळत नाही.

पाणी घालता घालता लुबना बोलत होती. आवाज अगदी साधा होता, शेजारणीची हकीकत सांगावी तसा. आधी गाठ, मग ऑपरेशन, मग औषधं. मधे बरं झालं म्हणाले. मग यकृतात निघालं, हाडांत निघालं. फेब्रुवारीत डॉक्टरीणबाईंनी तिला आणि मुनीरला समोर बसवलं आणि म्हणाल्या की आता औषधांनी त्रासच जास्त होईल. म्हणून बंद केली. म्हणूनच केस परत यायला लागलेत. हे सांगताना तिला हसू आलं.

"तुला स्वयंपाक कोणी करून घातला?" बतूलने विचारलं.

"मुनीर करतो. खारट करतो. पण करतो."

"मला बोलावलं का नाहीस?"

"तू आली असतीस तर मला रडावं लागलं असतं. रीमसमोर मी रडत नव्हते."

बतूलने वाडगा भरला आणि या वेळी स्वतःच्या डोक्यावर ओतला. मग आणखी एक. मग आणखी. हनियाला कळलं ते काय चाललंय. तिने कुंडाचा नळ पूर्ण सोडला, म्हणजे पाण्याचा आवाज मोठा व्हावा, आणि ती दार लोटून बाहेर गेली. आत बतूल डोक्यावर पाणी ओतत राहिली आणि पाण्याखाली तोंड उघडून रडली. लुबना गुडघे पोटाशी घेऊन तिच्याकडे बघत बसली होती. शेवटी तीच पुढे सरकली. तिने बतूलचा हातमोजा उचलला, आईला पाठमोरी केलं आणि पाठ घासू लागली. हातात जोर उरला नव्हता. मोजा नुसता फिरत होता, एक वळकटी निघत नव्हती.

"लागतंय का?" तिने विचारलं.

"लागतंय," बतूल म्हणाली. "हळू घास."

आरामाच्या खोलीत गाद्या होत्या, बदामाची बिस्किटं होती, चांदीच्या किटलीत चहा होता. पलीकडे दोन फ्रेंच बाया डोळे मिटून पडल्या होत्या. हनियाने चहा ओतला आणि अंघोळीहून आलेल्याला सगळे म्हणतात ते सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "आरोग्य लाभो." म्हटल्यावर तिची तीच गांगरली, किटली हातात तशीच राहिली. लुबनाने ठरलेलं उत्तर दिलं, "अल्ला तुलाही आरोग्य देवो," आणि पेला तिच्या हातून घेतला.

परतताना टॅक्सीत लुबनाने आईकडून शब्द घेतला. भावाला, तौफीकला, इतक्यात सांगायचं नाही. सुआदला नाही, गल्लीत कोणाला नाही. तिला घरात चार दिवस आजाऱ्यासारखं नव्हे, माहेरवाशिणीसारखं राहायचं होतं. बतूलने शब्द दिला. काय दिलं हे तिला पुढच्या दिवसांत कळलं.

बतूलच्या जिभेला सगळी गल्ली वचकून असायची. पण आता शमा दारात उभी राहून म्हणाली की ऐकलं, लेकीने आईला साहेबीण केली, आमच्या हमामाचं पाणी आता तुम्हाला चालायचं नाही, तेव्हा बतूलने मान खाली घातली. म्हणाली, मीच हट्ट केला गं, मलाच बघायचं होतं ते स्पा, पोरगी बिचारी नको म्हणत होती. शमा हे घेऊन चार घरं फिरली. बतूल म्हातारपणी शेफारली, असं गुरुवारी हमामात उघड बोललं गेलं, आणि बतूल तिथेच बादलीपाशी बसून ऐकत होती. कोणी रुमालाबद्दल मुबारक दिलं की ती म्हणायची, अल्लाची कृपा. 

घरात ती लुबनाला आवडेल ते शिजवायची आणि लुबना दोन घास खाऊन वाखाणायची. दुपारी दोघी गच्चीवर बसायच्या. तिथून गावाची पांढरी घरं, वर टेकडीवरचं कबरस्तान आणि त्याच्यामागचे डोंगर दिसायचे. तिथेच एकदा बतूलने विषय काढला. इथेच राहा, म्हणाली. मुनीरला सांग रीमला घेऊन येऊ दे. मी सगळं करीन. तुला कूससुद्धा एकटीने बदलू देणार नाही.

लुबनाने यावर आधीच विचार केला होता. मुनीरची नोकरी तिकडे, रीमची शाळा तिकडे. तिथे दुखणं थांबवायची औषधं घरी येऊन देतात. आणि रीमला अर्ध्यावर उचलून, भाषा नीट येत नाही अशा घरात आणून, आई मरताना बघायला लावायचं? आणि रीमला तिकडेच ठेवून आपण इथे राहिलो तर पोरीला वाटेल, आई सोडून गेली.

"ती तुझी मुलगी," बतूल म्हणाली. "आणि तू कोणाची?"

बोलून गेल्यावर तिला वाटलं, जीभ झडली असती तर बरं.

"तुझीच," लुबना म्हणाली. "म्हणून तर आधी इथे आले."

यानंतर बतूलने राहा म्हटलं नाही. जायच्या दिवशी तिने नारंगीच्या अर्काची बाटली कपड्यांत गुंडाळून बॅगेत ठेवली, पावाला लावायचं लोणी ठेवलं, रीमसाठी लाल सपाता ठेवल्या. विमानतळावर तौफीक सोबत होता, त्यामुळे दोघींना नेहमीसारखाच निरोप घ्यावा लागला. पुढच्या वर्षी रीमला घेऊन ये, असं तौफीक म्हणाला. लुबना म्हणाली, बघू. काचेच्या दारापलीकडे गेल्यावर ती एकदा वळली. बतूलने हात हलवला. दुसरा हात तिने पायघोळ जेलाब्याच्या खिशात घट्ट मुठीत धरला होता.

तिने पासपोर्ट करायला टाकला तेव्हा तौफीकला संशय आला. हज नाही, उमरा नाही, म्हातारीला पासपोर्ट कशाला? नातीला भेटायचंय, असं ती म्हणाली. पासपोर्ट झाला, पण व्हिसाच्या अर्जाला तारीख मिळाली ती उन्हाळा उलटल्यावरची. फोनवर लुबनाचा आवाज आधी बारीक झाला, मग ती नुसती ऐकू लागली आणि बतूल बोलू लागली. गल्लीत कोणाचं लग्न ठरलं, मटार महाग झाले, शमाच्या मांजरीला पिल्लं झाली. टोमणा एकही नाही. जुलैत एका सकाळी मुनीरने तौफीकला फोन केला आणि मग सगळ्यांना सगळंच कळलं.

तौफीकला बहीण गेल्याचं कळलं आणि आईला ते वसंतापासून ठाऊक होतं हेही त्याच दिवशी कळलं. तो आईवर ओरडला नाही. तो तिच्याशी बोलायचाच थांबला. विमानतळावर मी तिला नुसतं 'बघू' म्हणू दिलं, एवढंच तो सुआदजवळ म्हणाला. मला माहीत असतं तर मी तिला असं सोडलं असतं का?

लुबनाची शवपेटी तांजियरच्या विमानाने आली. मुनीर आणि रीम सोबत होते. पेटी जस्ताने बंद केलेली, वर लाकूड. बतूलला वाटलं होतं की घरी आणल्यावर उघडतील, आणि शेवटची अंघोळ तरी आपल्या हातची होईल. तिने कापूर आणून ठेवला होता, पांढरं कापड आणून ठेवलं होतं. मुनीरने खाली बघून सांगितलं की ते सगळं तिकडेच झालंय, पेटी आता उघडता येत नाही. बतूल लाकडावर हात ठेवून अंगणात बसली. पुरुषांनी पेटी उचलली तेव्हा शमाने तिचा हात सोडवला. त्या बाईने तिला दोन्ही हातांनी पोटाशी धरून ठेवलं आणि वसंतात जे जे बोलली होती त्याची पुन्हा पुन्हा माफी मागितली. बतूलला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे.

मुनीर आणि रीम परत गेल्यानंतर, एका सकाळी, अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज होता. ती मूळची नादोर गावची, नाव यमीना, बेल्जियममधल्या अँटवर्पला मशिदीत मयत बायकांना अंघोळ घालायचं काम पुण्य म्हणून करणारी. मुनीरकडून नंबर घेतला, म्हणाली. राहवलं नाही म्हणून फोन केला.

"मावशी, तुमच्या लेकीला मी धुतलं," ती म्हणाली. "आईला कळावं असं वाटलं."

बतूल पायरीवर बसली. तौफीक आतल्या खोलीत कामावर जायची तयारी करत होता.

यमीना सावकाश सांगत गेली. ती आणि आणखी एक बाई होती. खोली स्वच्छ होती. तिला सगळा वेळ झाकून ठेवलं होतं. उजव्या अंगाने सुरुवात केली. वण होता तिथे हात हलका ठेवला. बाईच्या केसांच्या तीन वेण्या घालतात, तेवढे केस नव्हते, म्हणून तीन वेळा हात फिरवला आणि ते वेणीच्या ठिकाणी मानून घेतलं. शेवटच्या पाण्यात कापूर, आणि तिच्याच कपाटात सापडलेला नारंगीच्या फुलांचा अर्क. तेव्हा रीमला आणलं होतं. पोरीने आईच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि म्हणाली, आजीच्या घराचा वास येतोय.

"चेहरा कसा होता?" बतूलने विचारलं.

"दमून झोपलेल्या माणसाचा असतो तसा. कपाळाला आठी नव्हती."

"तुझी आई कुठे असते?"

"नादोरला. एकटी असते."

"तिला फोन करतेस ना?"

 पलीकडून यमीनाचं रडणं ऐकू आलं. दोघी बायका, एकमेकींना कधी न पाहिलेल्या, बराच वेळ फोन धरून तशाच बसल्या. शेवटी बतूलने तिला आशीर्वाद दिले. तिच्या हातांना, तिच्या आईला, तिच्या लेकरांना. आणि फोन ठेवला.

वर पाहिलं तर तौफीक दारात उभा होता. अंगात कामाचा शर्ट, बटणं अर्धी लावलेली. कोणाचा फोन होता, असं त्याने विचारलं. इतक्या दिवसांत तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला होता. लुबनाला जिने धुतलं तिचा, असं बतूलने सांगितलं. तो खाली येऊन त्याच पायरीवर बसला, आईपासून हातभर अंतरावर.

"काय म्हणाली?"

बतूलने सांगितलं. ते संपेपर्यंत तो शर्टाच्या उरलेल्या बटणांशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "आणि तुला? तुला लुबनाने काय सांगितलं होतं? मला सगळं सांग. पहिल्यापासून."

मग बतूलने त्याला मार्तीलच्या रस्त्यावरच्या त्या दिवसाचं सांगायला सुरुवात केली. तौफीक कामावर गेला नाही. मधे केव्हातरी त्याने अंतर सोडून आईच्या मांडीवर डोकं टेकलं. सुआदने दोनदा जेवायला हाक मारली, मग तीही ओढणीने डोळे पुसत त्यांच्याजवळ येऊन बसली.